तिसरी हाक

क्लिप शेवटी खोक्यात गेली. तिन्ही हाका झाल्या, घ्यायला कुणी आलं नाही, गेली… छे, तसं काहीच झालेलं नाही. क्लिप अजून न्हाणीघरात आरशाखालच्या फळीवरच आहे. तपकिरी, एक दात तुटलेला, उरलेल्या दातांत एक लांब केस अडकलेला. आणि तो, दात घासायचा ब्रश तोंडात धरून, क्लिपकडे बघत नाहीये. म्हणजे बघतोय, पण उशीर झालेला माणूस घड्याळाकडे बघतो तसा, तिरका.

हाकांचा हा खेळ त्यानेच घरात आणला होता, कामावरून. बसस्थानकावरच्या हरवले-सापडले खिडकीत तो बसतो. बायको गेल्यापासून – मुलांच्या मावशीकडे, थोडे दिवस, जरा मोकळं राहायला – पसाऱ्याखाली घरातली जमीन दिसेनाशी झाली होती. ठोकळ्यावर पाय पडला की तो एका पायावर नाचायचा, आणि मुलांना वाटायचं, बाबा खुशीत आहे. ओरडून झालं, गोंजारून झालं. मग एका संध्याकाळी त्याने झारा तोंडासमोर धरला आणि नाकातून म्हणाला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! एक मोजा, निळा, वास भरपूर, सोफ्याखाली सापडला आहे…" धाकटा गोटी "माझा! माझा!" करत असा धावला की जणू मोजा परदेशातून परत आला होता.

नियमही खिडकीचेच. तीन हाका. मालकाने स्वतः यायचं, वस्तू तिच्या जागी नेऊन ठेवायची. नाही आला तर वस्तू बेवारस, खोक्यात. आणि रविवारी आत्या येऊन खोकं घेऊन जाणार. दुसऱ्याच्या वतीने कुणी यायचं नाही – हा नियम गोटी खेळण्यातल्या अस्वलाचा वकील म्हणून उभा राहायला लागला तेव्हा घालावा लागला. घर चकाचक झालं. इतकं, की एकदा तो सोफ्यावर डुलकी काढत होता तर थोरल्या मुलीने त्याचीच हाक दिली, "एक बाबा, दाढी वाढलेली, तोंड उघडं…" दुसऱ्या हाकेला तो स्वतःच उठून बसला. कारण तिसरीला आपल्याला घ्यायला नक्की कोण येईल, हे त्याला आठवेना.

न्हाणीघर तेवढं हद्दीबाहेर होतं. म्हणजे तिथल्या फळीपर्यंत गोटीचा हात पोचत नव्हता.

दुपारी खिडकीवर छत्रीवाले काका आले. ते रोज येतात.

"काळी होती. वाकड्या मुठीची."

"काका, काल निळी म्हणालात."

"काल निळी आठवत होती." काका जराही ओशाळले नाहीत. "तुम्ही सापडलेल्या दाखवा ना. बघून आठवेल."

"असं नाही चालत, काका. आधी वर्णन, मग छत्री."

हे तो रोजच म्हणतो. आज म्हणताना मात्र मधेच… ती क्लिप ती डावीकडे लावायची की उजवीकडे? डावीकडे. नाही, आरशात डावीकडे, म्हणजे उजवीकडे. की मागे, एका हाताने, दुसऱ्या हातात दूध उतू जाणारं पातेलं…

"साहेब, हरवलात का?" काका म्हणाले.

संध्याकाळी तो घरी आला तर स्टूल न्हाणीघराच्या दारात. गोटी त्यावर विजयी मुद्रेने उभा. मुलीच्या हातात झारा.

"एक क्लिप, तपकिरी, दात तुटलेली! पहिली हाक!"

"ए, ती हरवलेली नाही. ठेवलेली आहे."

"कुणी?"

"आईने."

"मग आईने यावं. दुसरी हाक!"

"थांब गं जरा. फोन करून विचारू तिला."

"फोनवर चालत नाही. तूच म्हणालास."

म्हणालो होतो. आणि चाललं असतं तरी मी केला नसता, कारण ती काय म्हणेल ते मला पाठ आहे – अरे, टाकून दे ना, तुटलीये ती – इतक्या सहज, मागे मावशीचा मिक्सर चालू, आणि मग फळी रिकामी, पुसून लख्ख, आणि 'थोडे दिवस' संपून नुसते दिवस सुरू… क्लिप फळीवर आहे तोवर ती गेलेली नाहीये. क्लिप विसरून दारापर्यंत गेलीये फक्त.

"बाबा रडतोय?" गोटीने विचारलं.

"हाकांच्या मधे बोलायचं नाही," मुलगी म्हणाली. पण झारा तिने किंचित खाली घेतला होता.

तो स्टुलासमोर येऊन उभा राहिला. इतकी वर्षं खिडकीत, पण या बाहेरच्या बाजूला कधी नाही; इथून आतला माणूस फार उंच दिसतो. उद्या काकांना सगळ्या छत्र्या दाखवायच्या, त्याने ठरवलं, एकेक उघडून. मुलीने तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला, आणि तो घाईघाईने, मनातल्या मनात, योग्य त्या भाषेत सुरू झाला:

सदर वस्तू माझी नाही. वर्णन रोज वेगळे आठवते. ओळखीचा पुरावा सोबत जोडलेला नाही. तरी तिसऱ्या हाकेनंतर चौथी हाक देण्यात यावी, चौथीनंतर पाचवी, आणि सर्व हाका पूर्ण होईपर्यंत वस्तू आहे त्याच जागी, केसासह, राहू द्यावी, ही नम्र विनंती.