चौथ्या नावाची जागा

मित्रांनो, तुम्ही मला दवाखान्याच्या खिडकीवर पाहिले असेल. मी ऑस्ट्रेलियातल्या सरकारी आरोग्यविम्याचे, म्हणजे मेडिकेअरचे, एक जुने कार्ड आहे, हिरवे-सोनेरी, प्लास्टिकचे. १९८४ साली यंत्राने माझ्या अंगावर तीन नावे उठवली: शिरीष, मधुवंती आणि त्यांचा पाच वर्षांचा विवेक. मग पोस्टाने मी सिडनीत, वेस्टमीडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन पडलो. पुण्याहून येऊन त्यांना दोनच वर्षे झाली होती. पण कोण कुठून आले, किती कमावते, हे लिहायला माझ्यावर जागाच नव्हती. याचा मला गर्व होता, खोटे कशाला बोलू?

मधुवंतीच्या पर्समध्ये माझे छान चालले होते. विवेकचा कान दुखला, शिरीषची पाठ धरली, की मी बाहेर निघायचो. "एवढंसं कार्ड, पण केवढा आधार," असे मधुवंती म्हणायची आणि मी फुगून जायचो.

पुढच्या वर्षी मुलगी झाली. तिचे नाव माझ्यावर घालायचा फॉर्म आला आणि फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहिला, कारण नाव ठेवायचा मान आत्याचा! शिरीषची थोरली बहीण पद्मा पुण्याहून यायची होती आणि तिचा व्हिसा अडकला होता. आत्याने कानात 'कुर्र' केल्याशिवाय नाव उच्चारायचे कसे? सात आठवडे पोर नुसती 'बाळ' राहिली. मला मात्र चुटपुट लागली होती.

एका दुपारी बाळाचे अंग तापले. ती दूध घेईना. शिरीष कामावर होता. मधुवंतीने मला हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि परत ठेवले. तेवढ्यात शेजारची फिलोमिना आली. ही वसईची, इस्पितळात नर्स, नुकतीच शिफ्टवरून परतलेली.

"अगं, एवढा फीवर आणि तू घरात बसलीस?"

"कार्डावर नाव नाही गं तिचं. परत पाठवलं तर?"

"मग मी आहे ना भांडायला. चल, गाडी बाहेरच आहे."

दवाखान्यात भांडावे लागलेच नाही. खिडकीतल्या बाईंनी मला हातात घेतले आणि विचारले, "बेबीज नेम, लव्ह?"

 मधुवंतीने बाळाच्या कानाशी तोंड नेले, हळूच 'कुर्र' केले आणि मान वर करून म्हणाली, "वीणा."

"लव्हली. डॉक्टर फर्स्ट, फॉर्म लेटर. नो वरीज."

डॉक्टरांनी तिला लगेच इस्पितळात धाडले. लघवीचा संसर्ग रक्तात उतरू लागला होता. उद्यावर टाकले असते तर कठीण होते, असे ते म्हणाले. पाच दिवसांनी वीणा दूध ओढत घरी आली, आणि शिरीषने त्याच दिवशी तो फॉर्म भरून पोस्टात टाकला.

नवे कार्ड आले त्याच आठवड्यात आत्याही आल्या. त्या रुसणार, अशी सगळ्यांना धास्ती. त्यांनी चष्मा लावला आणि चौथ्या नावाखाली बोट ठेवले.

"माझा मान घेतलास होय गं?"

"वन्सं, चुकलं माझं. आधीच घ्यायला हवा होता."

"तेच म्हणते मी. माझी वाट बघत पोरीने तापात पडायचं की काय?"

जुने कार्ड कापून टाकायचे असते. कात्री आत्यांच्याच हाती दिली.

मित्रांनो, घरात बाळ आले की त्याचे नाव आधी कार्डावर घाला, पेढे मग वाटा. आणि बाहेरून आलेल्यांची पोरे या कार्डावर कशाला, असे कोणी म्हणू लागले, तर गप्प बसू नका.

विवेकने माझे दोन तुकडे वीणाच्या अल्बममध्ये चिकटवले आहेत. दोन्ही मिळून नावे तीनच भरतात. चौथ्या नावासाठी मी कापला गेलो, आणि कार्डाच्या जन्माला येऊन याहून अधिक मला काही नको होते.