अल सुलैच्या गोदामातला अमेरिकन

मित्रांनो, मी म्हातारा सिनेमा प्रोजेक्टर. रियाधच्या अल सुलैत भंगाराच्या गोदामात पडलोय. जन्म अमेरिकेतला. बसा जरा, माझ्याकडे वेळ थोडाच उरलाय.

माझ्या तरुणपणी तिकडे सिनेमाचा धंदा चार-पाच कंपन्यांच्या मुठीत. सिनेमा त्यांचा, नट त्यांचे पगारी, मोठी थेटरं पण त्यांचीच. परक्या थेटरवाल्याला एक गोड आंबा पाहिजे, तर चार आंबट गळ्यात मारायचे. शेवटी कोर्टानं कान धरला. सिनेमा काढा, नाहीतर थेटर चालवा, दोन्ही नाही. थेटरं विकली. तेवढ्यात घरोघर टीव्ही आला आणि आमचं थेटर बंदच पडलं. मला बोटीत घातलं, ते इकडे तेलकंपनीच्या वसाहतीत. तिथं मजा केली. पण पुढे कॅसेट आली, मग रीळच गेलं. आता तो धंदा फोनमध्ये सिनेमा विकतो. मी भंगारात.

तिथं मला हुसेनमियाँनी बघितलं. रत्नागिरीचे इलेक्ट्रिशियन, याच गोदामात कामाला. गोदाम बंद होणार, कफीलनं, म्हणजे इथं ठेवून घेणाऱ्या मालकानं, सांगितलेलं, खलास, घरी जा. पण एका मॉलच्या नव्या थेटराला शोभेसाठी जुनं चालू मशीन हवं होतं, आणि ते सांभाळायला माणूस.

"हे चाललं तर मी राहतो," ते जोडीदार कादिरला म्हणाले. "पोरीचं, फरहानाचं, नर्सिंगचं एक वर्ष बाकी आहे. तेवढं तरी."

अख्खा उन्हाळा त्यांनी मला घासलं. तेल घातलं ते बायकोनं, शरीफानं, गावाहून धाडलेलं घाण्याचं खोबरेल.

"चाचा, मशीन चालवताय का चंपी करताय?" कादिर म्हणायचा.

"गप रे. घरची शिलाई मशीन वीस वर्षं ह्याच्यावर चाललीय. तुझ्या डोक्यापेक्षा बरी चालते."

आणि मी चाललो की. त्या उन्हाळ्यात गरागरा चाललो.

जानेवारीत, सकाळच्या कडक थंडीत, उघड्या पिकअपवरून मॉलमध्ये गेलो. आत खोबरेल तुपासारखं थिजलेलं. गावी थिजलं तर बाटली उन्हात ठेवतात. मला कोण ठेवणार?

मॉलच्या मॅनेजर अनुराधा मॅडम, नाशिकच्या. म्हणाल्या, "काका, करा सुरू."

बटण दाबलं. मोटर ओढतेय, चाक हलेना. मग कट्‌कन चाकाचे दात तुटले, फिल्म फाटली.

"मॅडम, तेल थिजलंय फक्त. दहा मिनिटं उन्हात ठेवतो."

"काका, दात तुटलेत," त्या हळूच म्हणाल्या. "उन्हात ठेवून ते येतील का?"

माझे पार्ट आता कुठंच बनत नाहीत. मॉलवाल्यांनी काचेच्या पेटीतलं नवं खोटं मशीन मागवलं, मला परत गोदामात धाडलं. हुसेनमियाँचं परवाचं विमान आहे. फरहानाच्या फीचं काय, ते कादिरनं विचारलं नाही.

मित्रांनो, ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय लागतं ते आधी विचारून घ्या. माणसाला, जनावराला, मशीनला. नुसत्या मायेनं भागत नाही. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं.

आज मला कापायला गॅस कटर आणलेला. हुसेनमियाँ म्हणाले, "कटर नको. मी खोलतो."

सकाळपासून खोलतायत. प्रत्येक स्क्रू आधी फडक्यानं पुसतात, मग भंगाराच्या डब्यात टाकतात.