सहासष्ट टक्क्यांच्या अजगराची कैफियत

मित्रांनो, पृथ्वीवर माणूस नव्हता तेव्हाही आमचं घराणं होतं, आणि माणूस उरणार नाही तेव्हाही ते राहील. त्या थोर घराण्याचा मी वारस आहे, सहासष्ट टक्के. उरलेल्या चौतीस टक्क्यांचा निकाल लागेपर्यंत माझा मुक्काम एका प्लास्टिकच्या डब्यात आहे. झाकणाला बारा भोकं आहेत.

मी एक जुना अजगर आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. पण अजगरांची पैदास करून विकणाऱ्या क्लाइडच्या शेडमध्ये पाच वर्षं पडून राहिलेला माल जुनाच म्हणायचा. हे शेड ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडात, कॅबूल्चर गावाच्या बाहेर. इथे अजगराला नाव रंगावरून पडतं. माझ्या वरच्या फळीवर जग्वार राहतो, खाली झेब्रा, बाजूला कॅरमल. आहोत सगळे अजगरच. जग्वारची मान सारखी डुलते. पाणी प्यायला गेला की तोंड भांड्याच्या बाहेर आपटतं. हा दोष त्याच्या सुंदर रंगाबरोबर रक्तातूनच येतो. क्लाइड गिऱ्हाइकाला सांगतो, "लाजतोय जरा."

माझे आईबाप दिसायला साधे, तपकिरी. पण दोघांच्याही रक्तात पांढरा रंग दडलेला. अशा दडलेल्या रंगवाल्याला या धंद्यात 'हेट' म्हणतात. अशा जोडप्याची काही पोरं उघड पांढरी-पिवळी निघतात; ती आठवड्याच्या आत खपतात. उरलेल्या तपकिऱ्यांत सरासरीने तिघांत दोघं हेट, पण कोणती दोघं ते तोंडावरून कळत नाही. म्हणून सगळ्यांच्या डब्यावर एकच चिठ्ठी: 'हेट, ६६ टक्के'. क्लाइडचा मेव्हणा मर्व्ह याने मला उचलून विचारलं होतं, "सहासष्ट टक्के कुठून मोजायचे रे, डोक्याकडून की शेपटीकडून?"

ज्याच्या रक्तात काहीच दडलेलं नाही तो 'नॉर्मल'. तुमच्या शाळेत हा शब्द बरा असेल. इथे नॉर्मल ठरलेल्याला फ्रीझरमध्ये ठेवतात, आणि मग कोपऱ्यातल्या काळ्या डोक्याच्या बाईंना वाढतात. त्या स्वतः अजगर असून अजगर खातात. जिवंत जनावर खायला घालणं कायद्यात बसत नाही, आणि क्लाइड कायदा पाळणारा माणूस आहे.

विकून विकून आम्ही तीन भाऊ उरलो. हेट ओळखायची एकच रीत: पांढऱ्या मादीबरोबर जोडी लावायची आणि पोरं बघायची. थोरल्याची जोडी लावली, पांढरी पोरं निघाली. पुढच्या वर्षी मधल्याची लावली, पांढरी पोरं निघाली. क्लाइडने हात पुसले आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. तिघांत दोघं असतात, दोघं सापडले. म्हणजे मी रिकामा.

क्लाइडची बायको नोलीन तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. ती कपडे वाळत घालता घालता थांबली.

"क्लाइड, ही सोडत आहे, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी निघते. भावांनी काय उचललं ते या बिचाऱ्याला कसं ठाऊक असणार?"

"तिघांत दोघं, नोलीन. मला तीनपर्यंत मोजता येतं."

"येतं ना. पण असं मोजणारी माझ्या वर्गातली मुलं आठ वर्षांची होती."

दोन दिवस चहा मुकाट्याने झाला. तिसऱ्या दिवशी क्लाइडने निव्वळ घरात शांतता नांदावी म्हणून माझी जोडी लावली. मादी तीच, गेल्या वर्षी मधल्याला दिली होती ती.

मित्रांनो, नाताळच्या आठवड्यात अंडी फुटली. पंधरा पोरं, त्यात आठ पांढरी. नोलीनने उबवणपेटीचं दार उघडं धरलं आणि नवऱ्याला हाक मारली. मी डब्यात वेटोळं सोडून लांब झालो. पाच वर्षांत पहिल्यांदाच मला शंभर टक्के वाटलं.

क्लाइडने पोरं दोनदा मोजली. मग तो खुर्चीत बसला, बियरचा एक घोट घेतला आणि म्हणाला, "ही मधल्याची."

"मधला हिच्याजवळ गेल्या वर्षी होता!"

"मादी बीज साठवून ठेवते. वर्षभरसुद्धा. पुस्तकात आहे."

पुस्तकात ते खरंच आहे. नोलीन म्हणाली की मग दुसरी मादी दे, सोक्षमोक्ष होईल. क्लाइडने हिशेब केला की नॉर्मलला वर्षभर उंदीर चारण्यात अर्थ नाही. मर्व्ह म्हणाला, "पोरगं आठ पोरांचा बाप झालं आणि तरी कुंवारंच!" सगळे हसले. नोलीनही थोडी हसली, ते मला लागलं.

मग क्लाइडने सहासष्टावर काट मारून खाली 'नॉर्मल' लिहिलं. अक्षर सुंदर आहे त्याचं. मला हातावर घेऊन, मान कुरवाळून तो म्हणाला, "वाईट वाटतं रे. स्वभावाने फार गरीब होतास." तेव्हा मी त्याच्याच मनगटावर होतो.

आज शनिवार. मी अजून डब्यातच आहे, कारण फ्रीझरमध्ये जागा नाही. नाताळच्या कोळंबीची सालं इथे कोणी आधी बाहेर टाकत नाही. डिसेंबरच्या उन्हात अख्खी गल्ली घाण मारते. सगळी सालं पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये ठेवायची आणि कचऱ्याची गाडी येईल त्या सकाळी बाहेरच्या कचरापेटीत टाकायची, अशी पद्धत आहे. गाडी मंगळवारी येते.

मुक्या जनावरांना जपा, चिठ्ठीवरून कोणाची किंमत करू नका, हे सगळं तुम्हाला शाळेत बाई सांगतीलच. माझं मागणं लहान आहे. तुमच्यापैकी कोणाचे बाबा कचऱ्याच्या गाडीवर असतील, तर त्यांना सांगा, या मंगळवारी आमची गल्ली राहिली तरी चालेल.