पंडितजींचं वाक्य

बडनेऱ्याच्या फलाटाले गाडी थांबते घडीभर,
बोलनं ऱ्हायलं ओठी, डोयाले लागला पदर.

जमुना ही ओवी गायची ती नवऱ्याच्या, नत्थुजींच्या, कानावर पडेल अशी, पण त्यांच्याकडे पाठ करून. त्यांची रजा संपलेली असायची, बडनेऱ्याहून गाडी धरायची असायची आणि ती बॅगेत तिळाचे लाडू भरत असायची. आवाज पातळ, किंचित चिरका, शेवटच्या शब्दावर खाली बसणारा. आता ती नाही. अमरावतीच्या राजापेठेत शिकवणीला जाणाऱ्या पोरांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत तो आवाज नत्थुजींना उठवून जातो.

नत्थुजी पलटणीचे धर्मगुरू होते. जवान त्यांना पंडितजी म्हणत. पूजा, आरती, रविवारचं प्रवचन हे झालं सगळ्यांना दिसणारं काम. खरं काम मंदिरामागच्या लाकडी पेटीवर बसून चालायचं. कुणाची बायको माहेरी निघून गेलेली, कुणाला बंदूक हातात घेतली की कापरं भरायचं. पंडितजी ऐकत. "मंतर द्या जी काही, साहेब सुट्टी देऊन नाही राहिले," असं एखादा वऱ्हाडी जवान म्हणाला, की त्याला हाताला धरून साहेबाकडेच नेत.

आणि कुणी गेला, की तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेटीबरोबर त्याच्या गावीही तेच जात. त्याला फार दुखलं का, हे आई विचारायचीच. पंडितजी तिच्यासमोर जमिनीवर बसत आणि तिला समजेल त्या भाषेत सांगत, "झोपेतच गेला, माय. काही समजलं नाही त्याले." कधी ते खरं असे. बहुतेकदा नसे.

तीन वर्षांपूर्वी ते अशीच एक शवपेटी घेऊन हिमाचलातल्या एका खेड्यात होते, तेव्हा जमुनाचं काही खरं नाही असा फोन आला. परक्याचं लेकरू दारात टाकून निघणं त्यांना जमलं नाही. चिता पेटेपर्यंत ते थांबले. अमरावतीला पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. दारात मुलगी उभी होती, आरती. ती म्हणाली, "झोपेतच गेली माय. काही समजलं नाही तिले."

नत्थुजींनी आपलं वाक्य ओळखलं. रजेवर आले की जेवताना त्यांनीच ते घरात कितीदा सांगितलं होतं. ते कशासाठी असतं, हेही त्यांना ठाऊक होतं. जमुनानं आपली वाट पाहिली का, एवढंच त्यांना हवं होतं. पण विचारायला जीभ उचलेना. पुढे ते निवृत्त झाले. बापलेक एका घरात राहिले, आणि ते वाक्यही त्यांच्यात राहिलं.

यंदा कापूस फुटायच्या दिवसांत अकोल्याकडच्या एका गावचा कुलदीप गेला. त्याची लष्करी गाडी दरीत कोसळली होती. शवपेटीबरोबर आलेल्या धर्मगुरूंना मराठी येत नव्हती, म्हणून माजी सैनिकांनी नत्थुजींना बोलावलं. आरतीनं कार काढली.

"पट्टा लावा, बाबा. तुमच्या मंतरायनं गाडी थांबत नसते."

"तुह्या ब्रेकनं तरी कुठी थांबते?"

दोघं थोडं हसले. मूर्तिजापूर मागे पडलं.

कुलदीपची आई सत्यभामा ओसरीत बसली होती, डोळे कोरडे. नत्थुजी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"त्याले लय लागलं काय जी?"

"झोपेतच गेला, माय. काही समजलं नाही त्याले."

"तुमी होते काय तिथी?"

"नव्हतो."

"मंग झोप कोनं पाह्यली?" ती रागावली नव्हती. "जल्मला तवा मीच होती तिथी. आता गेला तं मले कावून बाहेर ठेवता?"

दाराशी उभ्या आरतीनं मान खाली घातली. नत्थुजींनी शवपेटीबरोबर आलेल्या, अपघाताच्या वेळी तिथं असलेल्या हवालदाराला जवळ बसवलं. तो हिंदीत सांगू लागला, नत्थुजी ते तिच्या बोलीत सांगू लागले. कुलदीप बराच वेळ शुद्धीत होता. दुखत होतं. पाणी मागितलं त्यानं. हवालदाराचा हात सोडला नाही. माझ्या मायले तुम्हीच सांगा म्हणाला, टीव्हीवरून कळायला नको.

सत्यभामानं हवालदाराचा तोच हात ओढून घेतला, गालाला लावला, आणि मग तिला रडू आलं.

परतताना ऊन कलत आलं होतं. बडनेरा आलं. स्टेशनाकडून रेल्वेचा भोंगा ऐकू आला.

"गाडी बाजूले घे," नत्थुजी म्हणाले.

आरतीनं घेतली. इंजिन बंद केलं.

"तुही माय खरंच झोपेत गेली?"

आरतीचे हात स्टिअरिंगवरच होते.

"नाही, बाबा. दिवसभर जागीच होती. दम लागे, तरी बोले. बडनेऱ्याले गाडी लागली काय, एवढंच इचारे. पयले मी नाही म्हनत गेली. पन तिची नजर दारावून हटेना. मंग म्हटलं, लागली माय, बाबा आटोत बसले."

नत्थुजी काचेबाहेर पाहत होते. त्यांनी विचारलं, "मंग?"

"मंग म्हने, माहा पदर सारखा कर पोरी. मी पदर सारखा करूनच राहिली होती, बाबा, तं गेली."