चार तुळया आणि एक कपाट

बायकोचा घोटा मोडला नसता तर तुळयांचं प्रकरण सुरूच झालं नसतं. ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला, डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पडून राहायला सांगितलं. जी बाई दुपारीसुद्धा कधी पाठ टेकत नसे, तिला सहा आठवडे! पहिल्या आठवड्यात तिने झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. दुसऱ्या आठवड्यात नातेवाइकांनी फोन उचलणं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात ती छताकडे बघत म्हणाली,

"अहो, हे पांढरं छत बघून बघून माझं डोकं पांढरं व्हायला लागलंय. वर चार तुळया असत्या तर निदान मोजत तरी पडले असते."

नवरा बाइंडर होता. छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून त्याने चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, चिकटवली, त्यांना पाठी लावल्या. त्यातल्या एकाही पुस्तकावर त्याचं नाव नव्हतं आणि असावं असं त्यालाही कधी वाटलं नव्हतं. निदान तो तरी तसं म्हणत असे. बायकोने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या, म्हणून तो दुसऱ्या दिवशी लाकडाच्या वखारीत गेला. तुळयांचा भाव विचारला. उत्तर ऐकून वखारवाल्याची माफी मागितली आणि घरी परत आला.

वाटेत त्याच्या डोक्यात एक वेडगळ विचार आला. तुळई खालून दिसते ती तिच्या तीनच बाजूंनी. म्हणजे मधली पाठ आणि दोन्हीकडचे दोन पुठ्ठे. हे तर पुस्तकाचं कव्हर झालं! पानं नसलेलं, आठ फूट लांब आणि छताला उलटं टांगलेलं.

त्याने जुने पुठ्ठे जमवले. विटा रचतात तसे सांधे चुकवत ते दोन थरांत चिकटवले आणि सुरीने अर्धवट चिरून कडा दुमडल्या. पहिली तुळई सकाळी उठून पाहिली तर धनुष्यासारखी वाकलेली! पुठ्ठ्याला एकाच बाजूने कागद लावला की तो त्या बाजूला ओढला जातो, हे त्याने चाळीस वर्षं शिकाऊ मुलांना ओरडून सांगितलं होतं. आणि स्वतःच्या घरी, पहिल्याच कामात नेमकं तेच विसरला. त्या दिवशी तो बायकोशीही फारसं बोलला नाही. मग छापखान्यातून गणिताच्या पुस्तकाची वाया गेलेली पानं आणून त्याने आतल्या बाजूला चिकटवली. तुळई गपगुमान सरळ झाली.

बाहेरून त्याने चुरगळलेला खाकी कागद लावला. त्यावर उरल्यासुरल्या रंगाचा हात दिला, आणि रंग ओला असतानाच जुन्या कंगव्याने लाकडाच्या रेषा ओढल्या. मध्येच कंगवा जरा वळवला की गाठ तयार! बायको पलंगावरून मुकादमगिरी करत होती. "चारही तुळयांना एकाच जागी गाठ कशी हो? चार झाडं काय जुळी होती?" मग त्याने तीन तुळयांच्या गाठी हलवल्या. शेजारच्या वायरमनने छताला लाकडी पट्ट्या ठोकून दिल्या. त्या पट्ट्यांवर तुळया टोपीसारख्या बसवून बाजूंनी स्क्रू लावले. एकेका तुळईचं वजन दोन-अडीच किलो.

बायको पडल्या पडल्या वर बघत राहिली. मग म्हणाली, "एक, दोन, तीन, चार," आणि हसली. बाइंडरला तेवढं पुरलं असतं.

पण प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात ती स्वयंपाकघरातून लंगडत आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. चेहऱ्यावरून काहीतरी करून बसली आहे हे दिसत होतं.

"दादा येतोय रविवारी. पाय बघायला."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. सुतार, आणि तोही साधासुधा नाही; मोठमोठे बंगले करणारा. लाकूड सोडून जगातल्या बाकी सगळ्या वस्तू त्याच्या मते तात्पुरत्या होत्या. लग्नात नवरदेव पुठ्ठ्याचं काम करतो हे कळल्यापासून तो बाइंडरला 'कागदराव' म्हणत असे. त्या गोष्टीला पस्तीस वर्षं झाली होती.

"येऊ दे की," बाइंडर म्हणाला.

"मी त्याला तुळयांचं सांगितलं."

"बरं."

"सागाच्या आहेत म्हणून सांगितलं."

बाइंडरने चष्मा काढला. "आणि?"

"तो सारखा त्या कुठल्या बंगल्याचं छत सांगत होता हो! माझ्या तोंडून निघून गेलं. बाहेरून मोठा कारागीर आला होता, असंही म्हटलं."

"मग मी कुठे होतो?"

"तुम्ही त्याला चहा करून देत होता."

"आपण त्याला खरं सांगून टाकू," बाइंडर म्हणाला. "तुझा भाऊच तर आहे."

"खबरदार! पस्तीस वर्षं तो तुम्हाला कागदराव म्हणतोय आणि तुम्ही हसताय. मला नाही हसू येत. एक रविवार त्याचं तोंड बंद राहू दे. संध्याकाळच्या गाडीने जाणारच आहे तो."

तिच्यासाठी तो गप्प राहायला तयार झाला. पण मनात एक खोडसाळ इच्छा मुंगीसारखी चावत होती, की कुणीतरी वर बघावं आणि विचारावं, हे कुणी केलं? आणि आपण नुसतं 'मी' म्हणावं. एवढंच. आता नेमका विचारणारा येणार होता आणि उत्तर द्यायची बंदी होती.

दादाची एक खोड होती. कुठल्याही घरात शिरला की तो माणसांच्या आधी सांधे बघायचा. दाराचा सांधा, खुर्चीचा सांधा, मग नमस्कार. रविवारी त्याने तसंच केलं. दार बघितलं, बहिणीचा पाय बघितला, आणि मग कोपऱ्यातल्या कपाटाजवळ जाऊन त्यावर थाप मारली. कपाट त्यानेच बनवून तिला लग्नात दिलं होतं. "अस्सल साग! नातवंडांच्या नातवंडांना पुरेल. काय कागदराव?"

"हो हो," बाइंडर म्हणाला. कपाटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे त्याची नजर गेली आणि त्याने ती लगेच दुसरीकडे वळवली.

मग दादाने वर बघितलं.

दादा पहिल्या तुळईखालून चौथ्या तुळईपर्यंत गेला, परत आला. हातातली छत्री उचलून त्याने टोक वर नेलं. आता हा ठोकून बघणार!

"दादा, पॉलिश ओलं आहे!" बहीण ओरडली.

छत्री खाली आली. "चिमे, पॉलिशला आठ दिवस झाले म्हणालीस ना?"

"चांगलं पॉलिश उशिरा वाळतं," चिमी म्हणाली आणि चहा टाकायला आत पळाली. लंगडत, पण पळालीच.

दादा बराच वेळ मान वर करून उभा होता. "सांधा दिसत नाही हो," शेवटी तो हळूच म्हणाला. त्याचा हा आवाज बाइंडरने कधी ऐकला नव्हता. "तुळईच्या कडेला कुठेतरी सांधा असणारच. इथे नाहीच. एवढ्या रुंदीचा अख्खा वासा हल्ली मिळतो कुठे? आणि ह्या रेषा बघा, कशा वाहत गेल्यात. कोण हा माणूस?"

बाइंडरचे कान तापले. "आहे एक जण."

"पन्नास वर्षांत असा हात बघितला नाही मी. दिसायला कसा आहे?"

"साधाच. चष्मा आहे."

"पत्ता द्या मला त्याचा. आजच्या आज भेटतो."

"तो... तो फारसा कुणाला भेटत नाही. लाजतो."

"लाजतो? ह्या हाताने लाजायचं? मला भेटू दे, चांगला झापतो त्याला!" म्हणत दादाने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. "जवळून बघतो."

त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली बाइंडरने कागदाची घडी घालून ठेवली होती. स्टूल पुढे आलं, घडी मागे राहिली. बाइंडरच्या ते लक्षात आलं तेव्हा दादा वर चढलेला होता.

"दादा, स्टूल..."

स्टूल डुगडुगलं. दादाने हात वर टाकला आणि आधाराला तुळई धरली. सागाच्या तुळईला माणूस काय, हत्तीही लोंबकळला असता. ही तुळई मात्र कटकट आवाज करत स्क्रूंसकट सुटली आणि दादाला मिठी मारून खाली आली. बायकोच्या आजारपणातली गादी अजून गुंडाळून कपाटाशेजारी पडलेली होती. दादा तिच्यावर उताणा आणि तुळई त्याच्या छातीवर.

"मेलो! मेलो रे मेलो! उचला! छाती गेली माझी!"

बाइंडरने दोन बोटांनी तुळई उचलली.

दादाने एक डोळा उघडला. मग दुसरा. छाती चाचपली. बाइंडरच्या हातातून तुळई ओढून घेतली, वरखाली हलवली, उलटी केली आणि आत डोकावला.

"ही गणितं कसली?"

"वाया गेलेली पानं आहेत, दादा. आतून कागद लावला नाही तर पुठ्ठा ओढला जातो."

"पुठ्ठा?"

"पुठ्ठा," बाइंडर म्हणाला. आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून पुढे म्हणाला, "मी केलं. सगळं मीच केलं. तिला रागावू नका, ती माझ्यासाठीच खोटं बोलली."

दादाचा चेहरा मानेपासून वर तांबडा होत गेला. आता तो बहिणीला हाक मारणार, आणि मग जन्मभर प्रत्येक लग्नकार्यात हा किस्सा रंगणार, हे बाइंडरला स्वच्छ दिसलं. हाक मारायला दादा कोपरावर वळला आणि त्याने तोंड उघडलं.

ते तसंच उघडं राहिलं. त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर कपाटाचा खालचा डावा कोपरा होता.

दादाने कोपऱ्याकडे बघितलं. हातातल्या तुळईकडे बघितलं. पुन्हा कोपऱ्याकडे. तशाच वाहत जाणाऱ्या रेषा, वळताना तोच हलका झोका. त्याने नखाने खरवडलं. कागद होता.

"हे कधी केलंत?" त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"पहिल्यांदा लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. हवा दमट झाली की वरचा सागाचा पापुद्रा सुटतो. मग दर तीन-चार वर्षांनी, ती बाजारात गेली की करतो."

"म्हणजे खालचं लाकूड तुम्ही..."

"बघितलं होतं. त्यावर 'काचसामान, जपून उचला' असं छापलेलं होतं."

दादा गादीवर उठून बसला आणि टकलावरून हात फिरवत राहिला. "लग्न पंधरा दिवसांवर आलेलं," तो म्हणाला. "साग कुठून आणणार होतो? खोकी फोडली आणि वरून पापुद्रा चढवला. म्हटलं, पुढे बदलून देईन. मग तुम्ही कुणी काही बोललाच नाहीत." थोड्या वेळाने म्हणाला, "पस्तीस वर्षं मी तुम्हाला कागदराव म्हणतोय. एकदा तरी मला खोकेराव म्हणायचं!"

"सांधे पक्के आहेत, दादा," बाइंडर म्हणाला. "एकही हललेला नाही. मी दर वेळी बघतो."

आतून कपांचा आवाज आला. चिमी ट्रे घेऊन दारात उभी राहिली. भाऊ गादीवर, नवरा गुडघ्यांवर, तुळई दोघांच्या मध्ये. "काय पडलं?"

"पडलं कुठे? मी उतरवली," दादा म्हणाला. "स्क्रू ढिला होता. बाप रे, काय वजन आहे! घाम फुटला मला. सागच तो."

"एक स्क्रू कपाटाखाली गेलाय," बाइंडर पुटपुटला आणि वाकून हात घालू लागला.

"थांबा, तुमचा हात नाही जायचा." चिमीने ट्रे ठेवला, बऱ्या पायावर भार दिला आणि कपाटाला कमरेने एक धक्का दिला. कपाट, आतल्या कपड्यांसकट, सुळकन हातभर सरकलं. तिने स्क्रू उचलून नवऱ्याच्या हातात ठेवला.

दोघे पुरुष कपाटाकडे बघत राहिले.

"बघताय काय? दर आठवड्याला झाडताना सरकवते मी. साग इतका हलका असतो होय रे दादा? पहिल्याच महिन्यात कळलं होतं मला." ती खुर्चीत बसली. "आणि कोपरा चिकटवलेला कळत नाही असं वाटतं ह्यांना. आठ दिवस घरभर खळीचा वास येतो."

मग दादा खो खो हसायला लागला, इतका की चहाचा कप त्याला खाली ठेवावा लागला. हसू ओसरल्यावर त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि बाइंडरपुढे धरली.

"नाव घाला."

"कुठे?"

"आतून, त्या गणितांवर. आम्ही मोठ्या कामावर घालतो. कुणाला दिसत नाही, पण असतं."

बाइंडरने पेन्सिल हातात घेतली. चाळीस वर्षांत हजारो कव्हरांच्या आत हा हात फिरला होता. एका टाकीला दोन नळ लावण्याच्या गणिताशेजारी थोडी कोरी जागा होती. तिथे त्याने अगदी बारीक अक्षरात नाव लिहिलं.

"मोठं लिहा हो! पापुद्र्याला लाजायची वेळ माझी आहे, तुमची नाही."

त्याने त्याखाली पुन्हा लिहिलं, जरा मोठं.

मग दोघे जण दोन बाजूंनी तुळई उचलायला वाकले. आता फसवायला घरात कुणीच उरलं नव्हतं, तरी दादा कण्हला, "हं, जोर लावा! सावकाश!" आणि बाइंडरही, का कोण जाणे, दात-ओठ खात कण्हला.

"कंबर सांभाळा," चिमी खुर्चीतून म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवलं.