चार हजार तोंडांची राखण

डोळे मिटा असं मी सांगणार नाही. मिटले तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. संग्रामपूरच्या पुढे, जिथून सातपुडा निळा दिसायला लागतो तिथलं एक गाव. टिनाच्या छताची एक खोली. खोलीत टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर क्रोशाचं झाकण. आणि त्या कॉम्प्युटरात चार हजार माणसं राहतात. सगळी सरळ समोर बघणारी, दोन्ही कान दिसतील अशी बसलेली, एकही हसत नाही. दिसली? आता कान द्या. आतून आवाज येतोय. टिक्. टिक्. टिक्.

"हा आवाज बरा नाई, निजामचाचा," जावेद म्हणाला. "डिस्क चालली तुमची. आज जाईन, नाईतर दिवाळीले जाईन."

जावेदचं बुलढाण्याला कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्यानं पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढा एक काळा डबा काढून टेबलावर ठेवला. निजामनं डब्याकडे पाहिलं आणि मग जावेदकडे पाहिलं. जावेदकडे जरा जास्त वेळ.

"हे काय?"

"ह्याले रेड म्हणतात. आत दोन डिस्क. जे एकीवर लिहाल ते त्याच घडीले दुसरीवर. एक मेली, दुसरी हायच!"

"एक मेली तर दुसरी हाय, मंग दुसरी मेली तर?"

"दोन्ही एकदम कशा मरतीन, चाचा?"

"बियाण्यावालेबी असंच जोडीनं देत. बीटीच्या पाकिटात साध्या कपाशीची एक लहान पुडी राहायची. कायले, ते कोणी नीट सांगतलं नाई. अर्ध्या गावानं शेताच्या धुऱ्यावर फेकून दिली. दोन वस्तू एकात बांधून देणारा माणूस दिसला की मले घामच फुटते."

निजाम फोटोग्राफर होता. लग्नाबिग्नाचा नव्हे, पासपोर्ट साइजचा. बँकेचा फॉर्म, राशनकार्ड, निराधारची पेन्शन, बारावीचा अर्ज, सगळ्याला फोटो लागे आणि पंचक्रोशीतली माणसं निजामच्या निळ्या पडद्यापुढे येऊन बसत. त्यांतल्या कितीतरी जणांचा जन्मात तेवढाच एक फोटो. कापसाच्या त्या वाईट वर्षांत लोक यायचे आणि म्हणायचे, निजामभाई, आमच्या बापाचा आहे का, मोठा करून द्या. का, ते विचारावं लागत नसे. निजाम फोटो शोधून द्यायचा. एकदा टिपलेलं तोंड त्यानं कधीच पुसलं नव्हतं.

आणि सगळ्या फोटोंची नक्कलही कुणाला दिली नव्हती. फक्त एकदा दिली होती.

सहा वर्षांपूर्वी एका बियाणं कंपनीचा माणूस मोटरसायकलवर आला. गोड बोलणारा. "शेतकऱ्यांची ओळखपत्रं बनवायची आहेत, फोटोंची सीडी द्या." निजामनं दिली. मृगाच्या आधी एसटी थांब्यावर पोस्टर लागलं. त्यावर गावातल्याच शेतकरी भगवंतरावांचं तोंड, आणि खाली ओळ : 'मी हेच बियाणे लावले. एकरी अठरा क्विंटल!' भगवंतरावांनी ते बियाणं हातातही धरलेलं नव्हतं. पण सरळ माणूस, लोकांचा विश्वास. तीन गावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहून पाकिटं नेली. त्या साली कपाशीवर लाल्या रोग आला, पानं रक्तासारखी झाली, बोंडं भरलीच नाहीत. लोक भगवंतरावांच्या दारात येऊन उभे राहिले. तेव्हापासून भगवंतराव पारावर बसले नाहीत, आणि निजाम त्यांच्या गल्लीतून गेला नाही.

म्हणून तो काळा डबा, संशय कितीही आला तरी, निजामला आतून आवडायला लागला होता. दोन नकला, पण दोन्ही आपल्याच घरात आणि आपल्याच कुलपात. बाहेर काही जाणार नाही.

"करून दाखव," तो म्हणाला.

जावेदनं डबा जोडला, थोडे फोटो त्यात टाकले आणि चालू डब्यातून एक डिस्क सरळ उपसून काढली. पडद्यावरची माणसं जागची हलली नाहीत.

"अजून एकदा."

जावेदनं पुन्हा दाखवलं. निजाम खाली वाकून टेबलाखाली कुठे दुसरी वायर तर नाही ना, ते बघून आला. चुलीपाशी बसून तुरीच्या डाळीतले खडे काढणारी त्याची बायको बिलकिस हसली. "अहो, जादूगार नाई तो. आपल्या रशीदचा पोरगा हाय."

त्यांची नात महनूर आता पुढे आली. सहावीत होती, आणि आजोबांच्या कॉम्प्युटरवर तिचा हात आजोबांपेक्षा जलद चाले.

"जावेदचाचा, माह्या हातानं चुकून एक फोटो उडाला, तर दुसऱ्या डिस्कवर राहीन का?"

"उडवायचाच कायले?"

"चुकून."

जावेदनं मान खाजवली. महनूरनं वाट पाहिली नाही. तिनं स्वतः काढलेला बकरीचा फोटो डब्यात टाकला आणि उडवला. मग एक डिस्क काढून दुसरीत पाहिलं. बकरी नव्हती. डिस्कांची अदलाबदल करून पाहिलं, तरीही नव्हती.

"आता बोल बे," निजाम म्हणाला.

"खरं हाय, चाचा." जावेद खाली बसला. "हे आरशासारखं काम. आरशापुढून तुम्ही हटले की आरशातलेबी हटले. बँकेले, दवाखान्याले पाहिजे हे, त्याइचं काम एक मिनिट थांबलं नाई पाहिजे म्हणून. घरी एवढं लागत नाई. घरी एक साधी डिस्क घ्यावं, नक्कल काढावं, वायर काढून ठेवून द्यावं."

"हे आल्या आल्या काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही नुसते वायरा पाहून राह्यले होते."

आतली टिकटिकणारी डिस्क पुढच्या आठवड्यात बदलून देतो म्हणून जावेद काळा डबा परत घेऊन गेला, आणि मागे वहीएवढी एक साधी डिस्क ठेवून गेला. रात्र व्हायच्या आत चार हजार तोंडांची नक्कल तिच्यात उतरली. निजाम ती कपाटात ठेवायला निघाला, तोच महनूर आडवी आली.

"दादाजी, घरावर वीज पडली तर? चोर आला तर? दोन्ही इथंच असल्यावर दोन्ही जातीन. ही दुसऱ्याच्या घरी ठेवा लागते."

"दुसऱ्याच्या? कोणाच्या?"

"शाळेत?"

"शाळेत दर सालाले मास्तर बदलते."

"सरपंचाच्या घरी?"

"म्हणजे येत्या निवडणुकीले चार हजार पोस्टर!"

"दादीच्या भावाकडे, मेहकरले?"

"त्याले मी कोंबडीबी सांभाळाले देणार नाई."

"ए, माह्या भावाले काही बोलू नका," बिलकिस म्हणाली. मग डाळीचं सुपडं बाजूला ठेवून ती हळूच म्हणाली, "ज्याचं तोंड चोरीले गेलं ना, त्याच्याकडे ठेवा. तो कोणाले हात लावू देणार नाई."

निजामला रात्रभर झोप लागली नाही एवढं सांगतो, आणि सरळ सकाळचं सांगतो.

भगवंतराव मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होते. त्या सालानंतर त्यांनी कपाशी लावलीच नव्हती, भाजीपाला करत. निजाम आणि महनूरला बांधावर पाहून त्यांचे हात थांबले नाहीत.

"काऊन आला? आता काय पिकवलं म्या तुह्या कागदावर?"

निजामनं टोपी काढून हातात घेतली. "भगवंतराव, चूक माही होती."

"पाच मिनिटाची वाट हाय तुह्या घरापासून. सहा वर्सं लागले तुले?"

"लागले."

भगवंतरावांनी जुडी खाली ठेवली. निजामनं सगळं सांगितलं : टिकटिक, काळा डबा, नात काय म्हणाली ते. भगवंतराव ऐकताना डिस्ककडे नाही, निजामच्या तोंडाकडे बघत होते. निजामनं आयुष्यभर लोकांची तोंडं पाहिली होती. असं कुणी त्याचं तोंड पाहत बसलं नव्हतं.

"ठेवतो," शेवटी ते म्हणाले. "पण पयले माहा फोटो काढून टाक. माह्या डोळ्यापुढं."

निजामनं आजवर एकही तोंड पुसलं नव्हतं. "चला," तो म्हणाला.

भगवंतराव खोलीत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत; उभेच राहिले. महनूरनं यादी उघडली, त्यांचा फोटो शोधला. काळे केस, मानेपर्यंत बटण लावलेला पांढरा सदरा. तिनं आजोबांकडे पाहिलं. निजामनं मान हलवली. तिनं फोटो पुसला.

"कुठं गेला?" भगवंतरावांनी विचारलं.

"कचरापेटीत."

"म्हणजे हाय अजून."

"थांबा." महनूरनं कचरापेटी रिकामी केली. "आता नाई."

यादीत चारशे बारानंतर एकदम चारशे चौदा आला. निजाम त्या दोन आकड्यांच्या मधे बघत राहिला.

"अन् त्या दुसरीत?" भगवंतराव म्हणाले.

महनूरनं वहीएवढी डिस्क जोडली. चारशे तेरा. भगवंतराव तिथे अजून होते. काळे केस, पांढरा सदरा.

"हिच्यातून आपोआप जात नाई," ती म्हणाली. "हिच्यातून वेगळा काढा लागते. काढू?"

भगवंतराव पडद्याजवळ वाकले. आता त्यांचे केस सगळे पांढरे होते. पोस्टरवर तर डोक्याशी कंपनीचं चिन्ह होतं आणि हनुवटीखाली ती ओळ. नुसता आपला चेहरा एवढा मोठा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. बिलकिसनं चहाचा कप पुढे केला, तो त्यांनी बघितलाही नाही.

"हे डिस्क माह्याच घरी राहणार ना?"

"हो," निजाम म्हणाला.

"मी देल्याबिगर कोणाले भेटणार नाई?"

"मलेबी नाई."

"मंग ह्याच्यातला राहू दे."

महनूरनं पडद्यावरचा फोटो बंद केला, डिस्कची वायर जपून काढली आणि आपल्या ओढणीच्या टोकानं डिस्क चारी बाजूंनी पुसली. मग ती उठली, आणि भाकरी वाढावी तशी दोन्ही हातांनी तिनं ती भगवंतरावांच्या ओंजळीत ठेवली.