एका सेकंदाची बढती

घरात सगळे त्यांना तज्ज्ञ म्हणत. हा टोमणा आहे, हे एकट्या तज्ज्ञांनाच कळलं नव्हतं. औषधांच्या गोदामात दिवसभर खोकी मोजून हा गृहस्थ घरी आला, की कशाला ना कशाला स्क्रू ड्रायव्हर लावल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

या वेळी पाळी आली बायकोच्या कॉम्प्युटरची. त्यावर ती घरबसल्या इमारतींचे नकाशे काढायची. एका आर्किटेक्ट बाईंनी तिला पहिल्यांदाच अख्ख्या दवाखान्याचं काम दिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नकाशे धड पोचले, तर पुढची सगळी कामं तिच्याकडेच येणार होती. आठ वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवलेल्या बाईला आणखी काय हवं असतं?

ती बाहेर गेल्याचं साधून तज्ज्ञांनी मोबाइलवर एक व्हिडिओ लावला, त्यात बघून कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरकाव केला आणि मेमरीचा वेग वाढवला. यंत्र सुरूच होईना. मग मेमरीचं व्होल्टेज चढवलं, एक पूर्णांक पस्तीसचं थेट दीड. झालं सुरू! व्होल्टेजने वेग वाढत नाही, वाढवलेला वेग फक्त कसाबसा पेलला जातो, आणि तोही पेलतोय का हे तासन्‌तास तपासावं लागतं, नाहीतर फाइलमधले आकडे गुपचूप बिघडतात, असं व्हिडिओतला माणूस पुढे सांगणार होता. पण तोवर यांनी व्हिडिओ बंद केला होता.

दवाखान्याची फाइल आधी एकोणीस सेकंदांत उघडायची, आता अठरा सेकंदांत उघडली. मेमरीच्या पट्टीला बोट लावलं तर चटका बसला. "म्हणजे कामाला लागलीय," तज्ज्ञ खूश होऊन म्हणाले आणि गोदामाच्या ग्रुपवर त्या एका सेकंदाची दवंडी पिटली. बायकोला मात्र सांगितलं नाही. तिने आपणहून कौतुक करावं, अशी इच्छा होती.

बायको बोलली, पण भलतंच. "अहो, काल जिना बरोबर होता. आज एक पायरी माझ्या कमरेएवढी आलीय."

गुरुवारी प्रोग्राम चारदा आपोआप बंद पडला. दोन मजल्यांची फाइल उघडेचना. ते मजले तिने पहिल्यापासून काढले, तर तिसऱ्यावरची भिंत दारातून आरपार गेलेली. "माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "डोळे तपासून घ्यायला हवेत."

चूक कुणाची, हे तज्ज्ञांना लख्ख ठाऊक होतं. पण कबूल करायचं म्हणजे ग्रुपवर मिळालेले सतरा अंगठे परत करण्यासारखं होतं. "दमलीस की असं होतं," ते म्हणाले. "विश्रांती घेत जा जरा."

शुक्रवारी सकाळी ती आतल्या खोलीत असताना त्यांनी गुपचूप सगळं पूर्ववत केलं, वेगही आणि व्होल्टेजही. आदल्या आठवड्यातली जुनी प्रत शोधून उघडली. एकोणीस सेकंद. अर्धा तास उलटसुलट फिरवून पाहिली, कुठे हूं की चूं नाही. "अगं ये, बघ! जमवलं मी!"

ती दारात येऊन उभी राहिली. हातात फोन होता. "आत्ताच बाईंना सांगितलं, काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. माझ्या हातून मापं चुकायला लागलीत. दवाखाना आहे तो, आजारी माणसं चढणार त्या जिन्यावरून."

"काय म्हणाल्या?"

"प्रामाणिकपणे सांगितलंस ते बरं केलंस, म्हणाल्या."

संध्याकाळ अजून लांब होती. बाईंना परत फोन लावून एवढंच सांगायचं होतं, की चूक हिची नाही, माझी आहे. तज्ज्ञांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात ती खुर्चीत बसली आणि नकाशा इकडून तिकडे फिरवून बघू लागली. कुठेच अडलं नाही. "खरंच की हो," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही होतात म्हणून. मीच बिघडवून ठेवलं असणार काहीतरी."

"असू दे गं," तज्ज्ञ मोठ्या मनाने म्हणाले. "पुढच्या वेळी आधी मला विचारत जा."